१९६९ ची कॅमेरो झेड-२८: इंजिन कारखान्यातून निघालं होतं तसंच उभं करायचं असेल तर

जुन्या मसल कारचं, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या अमेरिकी गाडीचं, इंजिन चकचकीत करणं सोपं आहे. रंगाचे डबे, थोडं क्रोमचं सामान आणि मोकळा वेळ असला की झालं. तेच इंजिन ज्या दिवशी कारखान्याच्या दारातून बाहेर पडलं त्या दिवशीसारखं करणं हा वेगळाच उद्योग आहे. त्यात पाना हातात घेण्याआधी बरंच वाचावं लागतं, आणि वाचायचं ते पुस्तकात नाही, लोखंडावर.

उदाहरणासाठी मी १९६९ ची शेवरोले कॅमेरो झेड-२८ घेतली आहे. नकली झेड-२८ उदंड झाल्या आहेत, त्यामुळे खरं-खोटं ओळखण्याची विद्याही याच गाडीभोवती जास्त वाढली. पाँटियाक, मोपार (क्रायस्लरची गाडी) किंवा फोर्ड असेल तर नंबर आणि रंग बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी हे इंजिन नेमकं काय आहे ते पाहू. ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यतमालिकेत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. शेवरोलेने ४ इंच बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) ब्लॉक घेतला, त्यात ३ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) फोर्ज्ड क्रँक बसवला आणि ३०२ घनइंचांचं इंजिन तयार झालं. व्हॉल्व्ह उघडणारे सॉलिड लिफ्टर (ज्यांचा गॅप हाताने लावावा लागतो), ११:१ कॉम्प्रेशन, ॲल्युमिनियमचा इनटेक (हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणारा भाग), वर ७८० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा घेणारा, हॉली कार्बोरेटर. कागदावर ताकद २९० हॉर्सपॉवर, ५८०० आरपीएमला. हा आकडा मुद्दाम कमी लावलेला होता हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. या गाडीला ऑटोमॅटिक गिअर मिळत नव्हता, एसीही नाही. बॉनेट उघडल्यावर एसीचा कॉम्प्रेसर दिसला तर पुढचं बघायची गरज नाही. १९६९ मध्ये अशा २०,३०२ गाड्या निघाल्या. शेवटचे तीन आकडे ३०२ यावेत हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

किती खोल जायचं ते आधी ठरवा

ही गाडी चालवायची आहे की प्रदर्शनात जजसमोर उभी करायची आहे? दोन्ही उत्तरं चालतात, पण अर्ध्या कामात उत्तर बदललं तर खर्च दुप्पट होतो. माझं मत सरळ आहे: बाहेरून दिसणारं सगळं १९६९ चं, आत न दिसणारं आजच्या पेट्रोलला आणि रस्त्याला सोसेल असं. व्हॉल्व्हच्या सीट कडक पोलादाच्या बसवल्या किंवा रिंगा आधुनिक घातल्या, तर बाहेरून कुणालाच कळत नाही आणि इंजिन जास्त टिकतं. पण डिस्ट्रिब्युटरच्या जागी चकाकणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिसलं, तर बाकीच्या मेहनतीवर पाणी पडलं.

कागद आणि पत्रे

१९६९ च्या कॅमेरोचा चेसिस नंबर, म्हणजे व्हिन, गाडी झेड-२८ आहे की नाही हे सांगत नाही. १२४३७ म्हणजे व्ही-८ कूप, पुढचा ९ म्हणजे १९६९, मग एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड किंवा एल म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज, आणि शेवटी सहा आकडी क्रमांक. बस, एवढंच. साध्या ३०७ इंजिनाच्या गाडीचा नंबरही याच साच्यातला असतो. नकली गाड्यांचा धंदा चालला तो याच फटीतून.

फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचा, ट्रिम टॅग मात्र जरा बोलका असतो. त्यावर बॉडी बनल्याचा महिना आणि आठवडा असतो: ०१सी म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा. नॉरवुडच्या टॅगवर डिसेंबर १९६८ पासून एक्स-कोड येऊ लागले. एक्स३३ आणि एक्स७७ हे दोन कोड झेड-२८ चे. पहिल्यात स्टाइल ट्रिम (बाहेरच्या सजावटीच्या पट्ट्यांचा संच), दुसऱ्यात नाही. व्हॅन नाइजच्या टॅगवर हे कोड नसतात, आणि त्याआधीच्या नॉरवुडच्या गाड्यांवरही नसतात. म्हणजे कोड नाही म्हणून गाडी नकली, असं म्हणता येत नाही.

मूळ कागद सापडले तर सोन्याहून पिवळं: खिडकीवरचा किमतीचा कागद, वॉरंटी पुस्तिकेतली धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेली बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद). टाकी उतरवताना तिच्या वरच्या बाजूला हात फिरवून बघा, घाई करू नका. गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल तर तुम्ही नशीबवान. शेवरोले ज्यांची, त्या जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडे तिथल्या गाड्यांच्या नोंदी आहेत.

फॅक्टरी असेंब्ली मॅन्युअलही आत्ताच घ्या. त्याच्या पुनर्मुद्रित प्रती सहज मिळतात. कारखान्यातल्या लोकांसाठी काढलेली ही चित्रं आहेत: कुठला क्लॅम्प कुठे, स्क्रूचं तोंड कोणीकडे, वायर कुठल्या क्लिपमधून. त्यातला सहावा विभाग इंजिनाचा आहे. दुरुस्तीचं मॅन्युअल वेगळं आणि हे वेगळं. तुम्हाला दोन्ही लागतील.

धुण्याआधी फोटो

इंजिन घाण असतानाच फोटो काढा. प्रेशर वॉशरने सगळ्यात आधी जातं ते हवं असलेलंच: खडूच्या खुणा, तपासनिसाने बोल्टवर टाकलेला रंगाचा ठिपका, कागदी स्टिकरचा उरलेला कोपरा, ब्रॅकेटखाली दडलेला मूळ नारिंगी रंग. ऑल्टरनेटरचं ब्रॅकेट काढण्याआधी त्याचा प्रत्येक बोल्ट कुठून आला हे दिसेल असा फोटो हवा. बोल्ट काढला की त्याच्या वॉशरसकट पिशवीत, पिशवीवर जागा लिहिलेली. कोरे बोल्ट एका डब्यात ओतले की ते परत आपापल्या जागी जाणार नाहीत, हे लिहून ठेवा.

मूळ होजपाइप, पट्टे आणि प्लगच्या वायरी वापरण्याजोग्या नसल्या तरी टाकू नका. त्यांच्यावरची छपाई, तिचा रंग आणि अक्षरांचा आकार नवीन माल घेताना ताडून बघायला लागतो.

ब्लॉक वाचणं

इथे वेळ काढा. बाकी सगळं बदलता येतं, ब्लॉक नाही.

प्रवासी बाजूच्या (अमेरिकी गाडीत ही उजवी बाजू, ड्रायव्हरची डावी) सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या वरच्या सपाट भागावर एक छोटं पॅड आहे. १९६९ मध्ये ऑल्टरनेटर त्याच बाजूला असल्याने पॅड त्याच्या आड जातं. पंधरा-वीस मिनिटं घालवून ऑल्टरनेटर बाजूला करा आणि आरशाने न पाहता समोरून पाहा. रंग आणि तेलाचा थर सॉल्व्हंट आणि मऊ कापडाने काढा. वायर ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर यातलं काहीही पॅडजवळ नेऊ नका.

तिथे इंजिन कारखान्याचा ठसा दिसेल. समजा तो आहे व्ही ०१०८ डीझेड. व्ही म्हणजे मिशिगनमधला फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०१०८ म्हणजे ८ जानेवारी, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चं ३०२. या वर्षाला हीच दोन अक्षरं हवीत. एमओ दिसलं तर ते १९६८ किंवा १९६७ चं ३०२ आहे. इंजिन चांगलं असेल, पण या गाडीचं नाही.

दुसरा ठसा व्हिनचा: १, मग ९, मग एन किंवा एल आणि सहा आकडे. हा पॅडवर असतो किंवा ऑइल फिल्टरच्या वरच्या खडबडीत भागावर. इंजिन फ्लिंटमध्ये बनलं आणि व्हिनचा ठसा गाडीच्या कारखान्यात पडला, म्हणजे ठसे दोन ठिकाणी, दोन वेगळ्या साच्यांनी मारलेले आहेत. दोन्हींची अक्षरं अगदी एका वळणाची आणि एका खोलीची वाटली तर संशय घ्यावा.

आता भिंग घ्या. फॅक्टरीत ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, सपाट करत. त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात, आणि अक्षरं त्या रेषांवर बसलेली असतात. कुणी जुना नंबर घासून नवा मारला असेल तर रेषा गायब असतात, किंवा गोल फिरणाऱ्या ग्राइंडरचे ओरखडे असतात, किंवा रेषा हाताने ओढल्यासारख्या कमीजास्त अंतराच्या असतात. तिरप्या उजेडात मोबाइलचा टॉर्च धरून फोटो काढा. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये रेषा दिसत नाहीत.

मग ब्लॉकच्या मागच्या बाजूला जा, बेलहाऊसिंग (क्लच झाकणारं घर) जिथे बसतं त्या कडेला. ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर, म्हणजे ओततानाच साच्यातून उठलेला नंबर: १९६९ च्या ३०२ मध्ये ३९३२३८६, ३९५६६१८ किंवा ३९७००१०. यातला शेवटचा नंबर पुढची अनेक वर्षं साध्या ३५० इंजिनांतही वापरला गेला. तेव्हा विक्रेत्याने "०१० ब्लॉक आहे साहेब, अस्सल" म्हटलं तर मान डोलवा आणि पॅड दाखवायला सांगा. प्रवासी बाजूला कास्टिंगची तारीख: एल १२ ८ म्हणजे १२ डिसेंबर १९६८. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. शेवटचा एक आकडा वर्षाचा.

आता साखळी जोडा. ब्लॉक ओतला १२ डिसेंबरला, इंजिन जुळलं ८ जानेवारीला, बॉडी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. हा क्रम बरोबर आहे. गाडीनंतर इंजिन जुळलं असेल किंवा इंजिनानंतर ब्लॉक ओतला असेल तर कुठलीही गोष्ट रचली तरी ती पटत नाही. कास्टिंग आणि गाडी यांच्यात काही आठवड्यांचं अंतर सहज चालतं. सहा महिन्यांच्या पलीकडे गेलं की प्रश्न विचारावे लागतात. इंजिन जुळल्याची तारीख कॅलेंडरवरही बघा. ८ जानेवारी १९६९ ला बुधवार होता. तुमच्या तारखेला रविवार निघाला तर भिंग परत हातात घ्या.

पॅडवर सीई आणि पुढे आकडे असतील तर ते वॉरंटीत बदलून दिलेलं इंजिन. नव्या गाडीचं ३०२ लोक शर्यतीत पिळून काढत आणि डीलरकडून नवा ब्लॉक घेत. हा ठसा लाज वाटायची गोष्ट नाही. तो तसाच ठेवा, डीझेड मारून घेण्याचा मोह टाळा. मूळ नंबर खोडून गाडीशी जुळणारा नंबर मारून देणारे लोक आहेत, त्यांचं काम सुबकही असतं. पण ती फसवणूक आहे, आणि वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून बदलणं अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. ब्लॉक मूळचा नसेल तर योग्य तारखेचा दुसरा ब्लॉक लावा आणि विकताना तसं सांगा.

मशीन शॉपला काय सांगायचं

जुन्या इंजिनाचा बळी सगळ्यात जास्त वेळा इथेच जातो. मशीन शॉपवाला ब्लॉकचा वरचा भाग सपाट करून देतो, त्याच्या दृष्टीने चांगलंच काम करतो, आणि त्याच पासमध्ये पॅडवरचे ठसे आणि ब्रोचच्या रेषा उडून जातात. पाच मिनिटांचं काम आणि गाडीची निम्मी किंमत गेली.

तोंडी सांगू नका. कामाच्या कागदावर लिहून द्या की वरचा भाग कापायचा नाही, अगदी लागलाच तर पॅडच्या आधी कटर थांबवायचा. ब्लॉकवर पॅडच्या जागी जाड टेप आणि त्यावर मार्करने "हात लावू नये" लिहा. हा सल्ला अतिरेकी वाटला तर ठसे गेलेल्या गाडीच्या मालकाला विचारा.

दुसरी सूचना ॲल्युमिनियमबद्दल. ब्लॉक आणि हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत जातात, ॲल्युमिनियमचा इनटेक त्यात गेला तर काळा पडतो आणि झिजतो. इनटेक, व्हॉल्व्ह कव्हर आणि कार्बोरेटर शॉपमध्ये पाठवूच नका, घरी ठेवा.

जोडीचे भाग

हेडचा कास्टिंग नंबर ३९२७१८६. तो व्हॉल्व्ह कव्हरखाली आहे, तारीखही तिथेच. पण हेडच्या टोकाला दोन उंचवट्यांची खूण असते ती बाहेरूनच दिसते. व्हॉल्व्ह २.०२ आणि १.६० इंचांचे. या हेडच्या टोकाला ब्रॅकेटसाठी आटे पाडलेली भोकं असतात, आणि ती इथे महत्त्वाची आहेत: १९६९ मध्ये शेवरोलेने लांब वॉटर पंप आणला आणि ऑल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूचा प्रवाशाच्या बाजूला गेला. १९६८ चं स्वस्तात मिळालेलं ब्रॅकेट आणि आखूड पंप लावून गाडी चालते, पण बॉनेट उघडताच चूक दिसते. पंपावर कास्टिंग नंबर ३९२७१७० बघा.

पुल्या खोल खाचेच्या हव्यात. हे इंजिन उंच आरपीएमला फिरतं, साध्या पुलीवरून पट्टा उडतो, म्हणून कारखान्यानेच खोल खाच दिली.

इनटेक ३९३२४७२, ॲल्युमिनियमचा. त्यावर विंटर्स फाउंड्रीचं हिमकणाचं छोटं चिन्ह असतं. १९६८ पर्यंतच्या इनटेकला पुढच्या बाजूला तेल भरायची नळी असे, १९६९ मध्ये तेल व्हॉल्व्ह कव्हरमधून भरतात. नळीचा इनटेक दिसला की तो दुसऱ्या वर्षाचा. व्हॉल्व्ह कव्हर फिन असलेली, ओतीव ॲल्युमिनियमची. त्यांना आरशासारखं पॉलिश करायचा मोह होतोच. आवरा.

कार्बोरेटर हॉली, लिस्ट नंबर ४०५३. चोकच्या टॉवरवर तो नंबर आणि त्याखाली तीन खुणांचा तारखेचा कोड: वर्ष, महिना, आठवडा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला ए, डिसेंबरला बी. म्हणजे ८बी३ हा डिसेंबर १९६८ चा तिसरा आठवडा, आपल्या साखळीत नीट बसतो. डिस्ट्रिब्युटर डेल्को-रेमी, ११११४८०. ऑल्टरनेटर आणि स्टार्टरवरही नंबर आणि तारीख असतात. फक्त नंबर जुळवून थांबू नका. एप्रिल १९६९ चा स्टार्टर जानेवारीच्या गाडीत बदली म्हणून आलेला असतो, मूळचा नाही.

झेड-२८ मध्ये सगळ्यात जास्त वेळा हरवलेली वस्तू म्हणजे ए.आय.आर. पंप. धूर कमी करण्यासाठी हा पंप एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ताजी हवा ढकलतो. त्या काळच्या पोरांनी गाडी घरी आल्यावर आधी तोच काढून फेकला, मॅनिफोल्डची भोकं बुच मारून बंद केली. आज पूर्ण संच जमवायचा तर पंप, ब्रॅकेट, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि भोकं शाबूत असलेले मॅनिफोल्ड लागतात, आणि हे सुटे सुटे घेताना खिसा रिकामा होतो. म्हणून गाडी विकत घेतानाच हे सामान आहे का ते बघा. नसेल तर किमतीत धरा. पंप मिळाला तर त्याला कधीही सँडब्लास्ट करू नका. पुलीमागे प्लॅस्टिकचा पंख्यासारखा फिल्टर असतो, त्यातून रेती आत गेली की पंप संपला.

एअर क्लीनर गाडीच्या बॉनेटवर ठरतो. गाडीच्या ऑप्शन कोडमध्ये झेडएल२, म्हणजे काउल इंडक्शनचं (पुढच्या काचेच्या पायथ्याची हवा घेणारं) बॉनेट, असेल तर एअर क्लीनरचा तळ वेगळा असतो आणि बॉनेटला चिकटणारं रबरी सील लागतं. साध्या बॉनेटखाली तो बसवला तर नुसता शो होतो.

धातूचा पोत

कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत ज्यांनी कधी कास्टिंग निघताना पाहिलं असेल त्यांना हे पटकन कळेल: रेतीच्या साच्यातून आलेल्या लोखंडाला एक खरखरीत कातडी असते, साच्याची जोडरेषा असते, कडेला थोडी फ्लॅश असते. १९६९ मध्ये ती कुणी घासत बसलं नाही. आज रंग सुंदर दिसावा म्हणून लोक ब्लॉकची जोडरेषा ग्राइंडरने सपाट करतात, वर पुटी भरतात. असं इंजिन दुरून छान दिसतं आणि जाणकाराला जवळून उघडं पडतं. खराब दुरुस्तीपेक्षा अति-दुरुस्ती परत फिरवायला अवघड असते, कारण गेलेली कातडी परत येत नाही.

ॲल्युमिनियमला तर जास्तच जपावं लागतं. इनटेक जोरात रेतीने मारला की त्याचा मूळ राखाडी, किंचित दाणेदार पृष्ठभाग एकसुरी पांढरा होतो. सोडा ब्लास्टिंग किंवा पाण्याबरोबरचं सौम्य ब्लास्टिंग चालतं, आधी खालच्या बाजूला करून बघा. वर क्लिअर कोट मारू नका. उष्णतेने तो पिवळा पडतो.

नारिंगी रंग

व्ही-८ ला शेवरोले ऑरेंज. डब्यावर तेच नाव असलं तरी एकाचा रंग लालसर, दुसऱ्याचा पिवळसर निघतो. म्हणून मूळ रंगाचा तुकडा शोधा: ब्रॅकेटच्या मागे, वॉटर पंपाच्या बैठकीच्या कडेला, जिथे ऊन आणि उष्णता पोचली नाही. दोनतीन डब्यांचे नमुने लोखंडी पट्टीवर मारा आणि दिवसाच्या उजेडात शेजारी धरा. ट्यूबलाइटखाली निवडलेला नारिंगी अंगणात गेला की वेगळाच दिसतो. बेस-क्लिअरची गाडीसारखी चकाकी नको, साधा एका थराचा इनॅमल हवा.

खरी गोम मारण्याच्या क्रमात आहे. फ्लिंटमध्ये इंजिन जुळवून झाल्यावर एकत्र रंग मारत. म्हणून मूळ इंजिनात गॅस्केटच्या कडा नारिंगी असतात, हेडच्या आणि टायमिंग कव्हरच्या बोल्टची डोकी नारिंगी असतात. हल्ली लोक प्रत्येक भाग सुटा रंगवून मग जोडतात. गॅस्केटची काळी किंवा निळी कड स्वच्छ दिसते आणि तीच चूक ठरते. ब्लॉक, हेड, टायमिंग कव्हर, ऑइल पॅन, वॉटर पंप गॅस्केटसकट जोडा, मगच रंग मारा. भोकं बंद करा, पॅडवर टेप लावा, पृष्ठभागावर तेलाचा मागमूस नको.

ॲल्युमिनियमचा इनटेक कारखान्यात झाकत, पण घाईघाईत. त्यामुळे त्याच्या कडेला, हेडला टेकतो तिथे, नारिंगीचा पुसट फवारा असायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडांवरही तो पडे आणि काही दिवसांत जळून जाई. इनटेकवर हा फवारा दाखवायचा तर हात हलका ठेवा. बोटभर रुंद नारिंगी पट्टा मारला तर तो नाटकी दिसतो. मॅनिफोल्डवर ओतीव लोखंडाच्या रंगाचं उष्णतारोधक लेप द्या, चंदेरी पेंट नको.

कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, ऑल्टरनेटर, स्टार्टर हे नारिंगी नाहीत. ऑल्टरनेटरची बॉडी साधी ॲल्युमिनियमची, कार्बोरेटरला डायक्रोमेट या रासायनिक लेपाची पिवळसर, तेलकट झाक. बेलहाऊसिंग गाडीच्या कारखान्यात लागलं, त्यामुळे ते उघड्या ॲल्युमिनियमचं. फायरवॉल अर्धचमक काळ्या रंगाची.

बोल्ट, क्लॅम्प, वायरी

बोल्टच्या डोक्यावर दोन गोष्टी असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. शिवाय बनवणाऱ्याची खूण, टीआर किंवा एम अशी. स्टेनलेसचे किंवा ॲलनचे बोल्ट बाजूला ठेवा, मूळचे परत वापरा. गंज रासायनिक द्रावणात काढा. रेतीने मारलं की खुणा बोथट होतात. मग ज्याला काळं फॉस्फेट होतं त्याला तेच, ज्याला झिंक होतं त्याला झिंक. सगळे बोल्ट एकाच रंगात देऊन मोकळे होऊ नका. ग्रेड ८ ला झिंक दिल्यावर ताबडतोब भट्टीत तापवून घ्यायला प्लेटिंगवाल्याला सांगा, नाहीतर ॲसिडमधून शिरलेल्या हायड्रोजनने बोल्ट ठिसूळ होतो.

रेडिएटर होजवर आजचे वर्म-ड्राइव्ह क्लॅम्प नकोत, टॉवर क्लॅम्प हवेत. प्लगच्या वायरी काळ्या, पॅकार्डच्या, टीव्हीआरएस अक्षरांच्या, आणि त्यांवर तिमाहीचा कोड: ४-क्यू-६८ म्हणजे १९६८ ची शेवटची तिमाही. नवीन बनवलेल्या वायरींवर तुम्हाला हवी ती तिमाही छापून मिळते, म्हणून ऑर्डर देण्याआधी गाडीची तारीख काढा. जानेवारीच्या गाडीवर ३-क्यू-६९ छापलेली वायर पाहून हसू येतं.

पहिल्यांदा सुरू करताना

सगळं जमलं आणि पहिल्याच वीस मिनिटांत कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) झिजून गेला असं होऊ देऊ नका. फ्लॅट टॅपेटच्या, म्हणजे सपाट तळाच्या लिफ्टरच्या, कॅमला झिंकचं प्रमाण जास्त असलेलं तेल लागतं आणि कॅमच्या लोबवर असेंब्ली ल्यूब. डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, रॉकरवर तेल येईपर्यंत. टायमिंग आधीच जवळपास बरोबर लावा, फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ परत एकदा वायरी धरून मोजा, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरा, म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागणार नाही.

इंजिन पेटलं की आयडलवर सोडू नका. २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वर-खाली करत वीस मिनिटं चालवा. मॅनिफोल्डवरून थोडा धूर येईल, तो लेपाचा आहे. मग बंद करा, तेल आणि फिल्टर बदला. इंजिन गरम असताना टॅपेटचा गॅप बघा. या कॅमला "थर्टी-थर्टी" म्हणतात तो याचसाठी: इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.०३० इंच. गॅप बरोबर असूनही शिलाई मशीनसारखी टिकटिक येईल. ती सॉलिड लिफ्टरची आहे. हायड्रॉलिक इंजिनाची सवय असलेला मिस्त्री ती बंद करायला गॅप कमी करायला निघाला तर त्याला थांबवा, व्हॉल्व्ह जळतील. ११:१ कॉम्प्रेशनला पंपावरचं सगळ्यात वरच्या ऑक्टेनचं पेट्रोलच घाला, आणि चढावर नॉक, म्हणजे इंजिनाची ठकठक, ऐकू आला तर टायमिंग थोडं मागे घ्या.

दोनतीनदा पूर्ण गरम-थंड झालं की इनटेकचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासा. मग पॅड, कास्टिंग नंबर आणि तारखांचे फोटो, मशीन शॉपचा सूचना लिहिलेला कागद आणि जुन्या होजचे तुकडे एका फाइलमध्ये घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. पुढचा जज किंवा पुढचा मालक ऑल्टरनेटर काढायला सांगण्याआधी तीच मागेल.